केसर पेटीत जाईना

कमळआत्याला जागेवरून हलवायचं तर आधी तिच्या खालची जमीन हलवावी लागेल, हे आमच्या घरात सगळ्यांना कळून चुकलंय. फक्त पप्पांनी अजून आशा सोडलेली नाही.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. वय बावन्न, अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल आणि हात असे की टाळी वाजवली तर शेजारच्या आवारातली खुडूक कोंबडी उठून चालायला लागते. रोज सकाळी घरामागच्या चुलीवर ती तांदळाच्या साठ भाकऱ्या थापते आणि त्या रिक्षाने अलिबाग, थळकडच्या खानावळींत पोचवून येते. एकदा एका हॉटेलवाल्याने निरोप पाठवला की भाकरी ताटाच्या बाहेर येते, जरा लहान थापा. आत्याने उलट निरोप धाडला की ताटं मोठी घ्या. आठ दिवस त्या हॉटेलच्या भाकऱ्या बंद. नवव्या दिवशी त्याचा माणूस मान खाली घालून आमच्या मागच्या दारात उभा. ताटं तिथे अजून तीच आहेत, पण आता भाकरी अर्धी दुमडून वाढतात.

तिचं लग्न झालं होतं श्रीवर्धनला. अकरा महिने राहिली आणि एका दुपारी एसटीतून उतरली ती मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली, भाकरी भाजायची मातीची खापरी घेऊन. गावाने सगळे अंदाज लावून पाहिले. मारायचा का, प्यायचा का, सासू वाईट होती का, सुपारीच्या वाडीत एकटं वाटायचं का. आत्याचं उत्तर एकच होतं, "पटलं न्हाय." तीस वर्षं होत आली, अजून कुणीतरी लग्नाच्या मांडवात तिच्या बाजूला सरकून, आवाज उतरवून, म्हणजे जणू बाकी सगळं मला माहीतच आहे अशा थाटात विचारतंच, की खरं काय झालं होतं गं कमळ? आत्या तेच दोन शब्द त्याच सुरात म्हणते आणि पुढचा भात वाढायला सांगते.

आमचं गाव पोयनाड आणि अलिबागच्या मधलं, खाडीच्या बांधाला लागून. पप्पांचे तीन ट्रक आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी हा बंगला बांधला. बंगला म्हणजे मुख्यतः लाद्या. एवढ्या चकचकीत की पाहुणे चपला बाहेर काढतात आणि तरीसुद्धा बोटांवर चालतात. पुढे हॉल, वर आमच्या खोल्या आणि मागे मोरीला लागून दोन खोल्या, एक आजोबांची आणि एक आत्याची. आत्याची म्हणजे आता आत्या आणि केसर अशा दोघींची.

केसर ही मांजर आहे. पिठाच्या पोत्यावर एक दिवस आपणहून येऊन बसली आणि आत्याने तिला उठवलं नाही, एवढीच तिची कथा. रंगाने केशरी, म्हणून केसर. गेल्या डिसेंबरात पप्पा अंगणात ट्रक मागे घेत होते आणि केसर चाकाच्या सावलीत झोपली होती. मागचा उजवा पाय चाकाखाली गेला. पप्पा आजही ही गोष्ट सांगताना "मांजर मध्ये आलं" असं म्हणतात, म्हणजे जणू मांजर अलिबागवरून राँग साइडने येत होतं. आत्या त्या दिवशी काहीच बोलली नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, केसरला गुंडाळलं, रिक्षा थांबवली आणि अलिबागला गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई सुचिता मॅडम. त्या प्रत्येक वाक्याआधी "बघूया" म्हणतात. बघूया, रॉड घालावा लागेल. बघूया, तीन महिने बाहेर सोडायचं नाही. बघूया, उडी तर अजिबात नाही. मग घरातल्या घरात ही जाणार कुठे, तर त्यासाठी त्यांनी एक प्लॅस्टिकची पेटी दिली आणि त्यात घालायला मांजराच्या रेतीची पिशवी. पेटीत रेती, रेतीत मांजर आपलं काम करणार, वर उकरून झाकणार, आपण घाण उचलून टाकायची. आजोबांना हे इतकं आवडलं की पहिले दोन दिवस ते खुर्ची टाकून बघायला बसले होते. म्हणाले, मिठागरान शंभर मानसं कामाला होती, एवढी शिस्त एकाला न्हवती.

तीन आठवडे सगळं नीट चाललं. पेटी मोरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला. केसर लंगडत जायची, करायची, झाकायची, परत यायची. आणि मग एके दिवशी तिने बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यावर केलं. दुसऱ्या दिवशी मम्मीने घडी घालून ठेवलेल्या चादरीवर. मम्मी म्हणाली मी काही बोलत नाही, आणि त्यावर अर्धा तास बोलली. तिसऱ्यांदा केसर हॉलमध्ये गेली आणि क्रीम रंगाच्या नव्या सोफ्याच्या पायथ्याशी, गालिचावर बसली.

तो रविवार होता आणि पुढच्या रविवारी उरणहून पाहुणे येणार होते. माझ्या भावाचं, हितेशदादाचं, नेत्रा नावाच्या मुलीशी जमलंय. तिच्या घरचे साखरपुड्याचं ठरवायला आणि अर्थातच घर बघायला येणार होते. पप्पांनी त्या गालिचाकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि निकाल दिला. शनिवारपर्यंत हे बंद झालं तर ठीक. नाहीतर शनिवारी सकाळी आपला ड्रायव्हर विपुल मांजर घेऊन जाईल आणि थळला होड्या लागतात तिथे सोडून येईल. तिथे मासळी हवी तेवढी, राणीसारखी राहील. विषय संपला. पप्पा प्रत्येक विषय सुरू करताना विषय संपला म्हणतात.

आत्याने विचारलं की लंगडी राणी तिथल्या कुत्र्यांपुढे किती धावेल. पप्पा म्हणाले ते कुत्र्यांना विचार. मग आत्याने हातातलं पीठ परातीत झटकलं.

"ती गेली तर मी पन जाईन, दयाराम. रविवारच्या पाहुन्यांना भाकऱ्या तू थाप."

पप्पा हसले. पण जिन्यावरून वर जाताना मध्येच थांबले, कारण तीस वर्षांपूर्वी ती कशी गेली होती आणि कशी आली होती हे त्यांनी पाहिलं होतं. आत्या कुठून निघायची असली की आधी भांडत नाही. फक्त खापरी उचलते.

सोमवारी घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. मम्मीच्या मते हा सूड. मांजरं सात जन्म विसरत नाहीत, यांनी पायावर गाडी घातली, आता ती आपल्या गालिचावर वचपा काढतेय, मी काही बोलत नाही. पप्पांच्या मते माज, बसून खायला मिळाल्यावर दुसरं काय होणार. आणि हे बोलताना ते आत्याकडे बघत होते. हितेशदादा उलव्याला नोकरी करतो, त्याने फोनवरून सांगितलं की आत्या टेन्शन नको लेऊ, मी सर्च केलंय, उसको प्रायव्हसी चाहिए, झाकणवाला बॉक्स घे, बीस मिनिटात डिलिव्हरी होतो. आमच्या गावात वीस मिनिटांत फक्त वीज जाते, हे तो उलव्यात राहून विसरलाय. तरी आत्याने खोक्याला दार कापून पेटीवर उपडं घातलं. केसरने दारातून आत वाकून पाहिलं, खोक्याचा वास घेतला आणि मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

आत्याला यातलं एकही कारण पटलं नव्हतं. सूड घ्यायचा तर तिला दयारामची खोली माहीत आहे, म्हणाली, पायपुसण्यावर कोण सूड घेतं? आणि माज असता तर ती लपून गेली नसती. ती दर वेळी अंग चोरून, कान मागे टाकून जाते. आपण चोरी करतोय हे जिला ठाऊक आहे ती माजलेली नाही, अडलेली आहे. हे ती मला सांगत होती, पण आवाज असा की वरच्या मजल्यावर पप्पांना प्रत्येक शब्द पोचावा.

मंगळवारी आम्ही दोघी केसरला पिशवीत घालून अलिबागला गेलो. सुचिता मॅडमनी बघूया म्हणत पोट दाबलं, लघवी काढून तपासली. लघवीला त्रास होत असला की मांजराला वाटतं पेटीमुळेच दुखतंय, आणि ते पेटी टाळतं, म्हणून आधी ते बघायचं असतं. पण तपासणी स्वच्छ निघाली. मग मॅडमनी वकिलासारखे प्रश्न विचारले. पेटी कुठे ठेवता? मोरीत, मशीनच्या बाजूला. मशीन कधी लावता? मम्मी लावते, तिच्या मनाला येईल तेव्हा. कपडे पिळताना ते मशीन हेलिकॉप्टरसारखं थरथरतं, हे मी सांगितलं, थोडं करूनही दाखवलं. पेटी धुता कशाने? काळ्या फिनेलने, तेही मम्मी, तेही हात सैल सोडून. मॅडमनी नाक मुरडलं. आपल्याला जो वास स्वच्छ वाटतो तो मांजराला नाकात काठी घातल्यासारखा लागतो, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी केसरचे पुढचे पंजे उलटे करून पाहिले आणि पहिल्यांदाच बघूया म्हणाल्या नाहीत. पंज्यांच्या गाद्या लाल झालेल्या, बारीक चिरा पडलेल्या. ही कशावरून चालते, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली घरातल्या लाद्यांवरून, बाहेर सोडतच नाही. मॅडमनी मलम दिलं आणि निघताना आत्याच्या दंडाला हात लावून सांगितलं, की मावशी, मांजर रुसून असं करत नाही, तिला तिथे काहीतरी होतंय. काय ते तुम्हालाच शोधावं लागेल, मी तुमच्या मोरीत येऊन बसू शकत नाही.

घरी येऊन आत्याने फिनेलची बाटली उचलून माळ्यावर टाकली. खोकं फेकलं. पेटी मोरीतून काढून जिन्याखाली ठेवली, तिथे ना मशीन ना माणूस. मम्मी म्हणाली मी काही बोलत नाही, पण मग वास आला तर मला बोलू नका. बुधवारी केसर जिन्याखाली गेली, पेटीच्या कडेला नाक लावलं आणि परत फिरली. गुरुवारी सकाळी पप्पा बाहेर निघाले, दारामागच्या चपलेत पाय घातला आणि ओल्या पायाने तसेच उभे राहिले. मी आत पळाले, कारण माझ्याने हसू आवरेना. पप्पांनी अंगणातल्या नळाखाली पाय धरून विपुलला फोन लावला आणि मोठ्याने, घराकडे तोंड करून सांगितलं की शनिवारी सकाळी नऊला रिकामी गाडी घेऊन ये. एक मांजर थळला न्यायला सहाचाकी ट्रक.

आत्याने त्या दिवशी भाकऱ्या पोचवल्या, हात धुतले, आणि भर दुपारी जिन्यासमोर लादीवर फतकल मारून बसली. मला म्हणाली बस, तोंड बंद ठेव. माझ्यासाठी हे किती अवघड ते तिला माहीत आहे. तासभर आम्ही बसलो. मग केसर आली. तिला जायचं होतं, हे दिसत होतं. पेटीभोवती तिने दोन चकरा मारल्या. पुढचा एक पाय आत ठेवला. लगेच उचलला. पाण्यात पडल्यासारखा झटकला, मग तोंडाशी नेऊन चाटला, आणि चाटताना तिचे डोळे बारीक झाले. पुन्हा एकदा पाय ठेवला, पुन्हा झटकला. मग आमच्याकडे बघून एकदाच ओरडली आणि हॉलच्या दिशेने निघून गेली.

आत्या पुढे सरकली. पेटीत हात घातला. रेती ओलसर होती, जिन्याखाली कोरड्या जागेत दोन दिवस असूनही ओलसर. तिने चिमूट उचलली, बोटांत चोळली, आणि मी अगं अगं म्हणेपर्यंत बोट जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली.

मग ती गप्प बसली, आणि माझी आत्या गप्प बसली म्हणजे ती स्वतःशी भांडत असते. मॅडमनी दिलेली रेती तीन आठवड्यांत संपली होती. एवढ्याशा पिशवीला पैसे कोण घालणार, म्हणून थळच्या खानावळीत भाकऱ्या देऊन येताना तिने किनाऱ्यावरची पोतंभर रेती रिक्षात टाकून आणली होती. रेती ती रेती. आमच्याकडे समुद्र दाराशी आहे, रेती विकत कोण घेतं? तिनेच आणली होती, तिनेच भरली होती, आणि आता तिनेच चाखली होती.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने पेटी लादीवर उपडी केली. रेतीत पांढरे खडे होते. तुरीच्या दाण्याएवढे, काही त्याहून मोठे. समुद्र असे खडे रेतीत सोडत नाही. आणि आमच्या घरात मूठभर खडेमीठ घेऊन फिरणारं माणूस एकच आहे.

धर्माजी, म्हणजे आमचे आजोबा, वय चौऱ्याऐंशी. उभं आयुष्य उरणकडच्या मिठागरांत गेलं, आणि त्यांच्या मते जगात मीठ ज्याला बरं करत नाही असं काही नाही. दात दुखला, मीठ. नवं घर, चार कोपऱ्यांत मीठ. मोरी तुंबली, मीठ. नवा ट्रक आला की नारळाआधी त्याच्या चाकांवर मीठ. एकदा टाकीतल्या पाण्याला वास येतो म्हणून त्यांनी टाकीत मीठ टाकलं होतं आणि आम्ही दोन दिवस खारा चहा प्यायलो होतो.

आत्याने केसरला उचललं आणि आजोबांच्या खोलीत गेली. ते खाटेवर पाय सोडून बसले होते. आत्याने मांजर त्यांच्या मांडीवर ठेवलं, एक पंजा उलटा करून त्यांच्यासमोर धरला.

आजोबा बघत राहिले. त्यांचे स्वतःचे तळवे मी कितीदा पाहिलेत. मिठागर सोडून पंचवीस वर्षं झाली तरी टाचांना खड्डे आहेत, चिरा आहेत, पावसाळ्यात त्यांत अजून मम्मी तेल भरते. त्यांनी केसरच्या पंजावरून अंगठा फिरवला, अगदी हलका.

"मीठ लागलं व्हय हिला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मना वाटला वास जाईल. मंग दयाराम तुला काय बोलनार न्हाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिसऱ्या आठवड्यात पप्पा मोरीच्या वासावरून कुरकुरले होते. ते आजोबांनी ऐकलं. मुलीच्या मांजरावरून घरात बोलणं नको म्हणून ते रोज पहाटे उठल्यावर एक मूठ मीठ पेटीत टाकायचे, वर रेती सारायचे. मग केसर बाहेर घाण करायला लागली तेव्हा त्यांना वाटलं मीठ कमी पडतंय. दोन मुठी केल्या. गालिचा झाल्यावर तीन.

आत्या खाटेच्या कडेला बसली. मला वाटलं आता ती फुटेल, तिचा तो भाकरीसारखा चटका बसणारा आवाज निघेल. पण ती म्हणाली, "रेती मीच आनली बाबा, खारी. तुमचं निम्मं, माझं निम्मं."

आजोबा उठले. त्यांना उठताना कुणी हात दिलेला आवडत नाही, म्हणून कुणी दिला नाही. उरलेलं अर्धं पोतं त्यांनी आत्याला मागच्या नळाशी आणायला लावलं आणि रेती धुवायला बसले. घमेल्यात रेती, वर नळाचं पाणी, हाताने ढवळायचं, पाणी सोडून द्यायचं, आणि शेवटचे थेंब बोटावर घेऊन चाखायचे. मी म्हटलं आजोबा, विकतची आणू की. ते म्हणाले उभा जन्म मी पान्यातनं मीठ काढला, आता रेतीतनं काढतंव, तू चाळनी आन. पहिल्या पाण्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्याला म्हणाले हाय. पाचव्याला म्हणाले अजून हाय. मला काहीच लागत नव्हतं, पण ते मान हलवत राहिले. आठव्या पाण्याला त्यांनी जीभ टाळूला लावून एकदा, दोनदा चटकारा मारला आणि म्हणाले, "गोडं."

शुक्रवारी ती रेती गच्चीवर मम्मीच्या पापडाच्या प्लॅस्टिकवर वाळली. मम्मी काही बोलली नाही. म्हणजे या वेळी खरंच बोलली नाही, कारण आजोबा बाजूला छत्री घेऊन राखण करत बसले होते.

आत्याने सुचिता मॅडमना फोन केला आणि मिठाचं सांगितलं. पलीकडून नुसता खोकला ऐकू आला. हसू दाबत असणार. मग त्या म्हणाल्या, रेती बदलून भागणार नाही. जिथे दुखलं ती पेटी आणि ती जागा तिच्या डोक्यात बसली असेल. नवीन भांडं घ्या, कड बुटकी हवी, पाय अधू आहे ना. आणि ठेवा तिथे जिथे ती स्वतःहून जाते. बरं वाटलं, वापरायला लागली, तरी पंधरा दिवस हलवू नका.

ती स्वतःहून कुठे जाते? सोफ्याच्या पायथ्याशी.

आत्याने पोयनाडहून काळं प्लॅस्टिकचं नवं घमेलं आणलं, उथळ, सिमेंट कालवायचं. त्यात आजोबांनी धुतलेली रेती घातली, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते हॉलमध्ये, क्रीम सोफ्याच्या बाजूला, बरोब्बर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवलं. पप्पा बाहेरून आले, त्यांनी ते पाहिलं आणि विषय संपला असं तीनदा म्हणाले. मोरीत चालेल, अंगणात चालेल, गच्चीत चालेल, हॉलमध्ये चालणार नाही, परवा उरणची माणसं येतायत, त्यांना काय दाखवू, हगणदारी? आत्याने शांतपणे सांगितलं की केसरने निवडलेली जागा आपण बदलू शकत नाही. पप्पा म्हणाले उद्या नऊला विपुल येतोय.

विपुल पावणेनऊलाच आला. बिचारा गाडी धुऊन आला होता, का ते देवाला माहीत. आत्या हॉलमध्ये घमेल्याच्या बाजूला लादीवर पाय पसरून बसली होती, केसर मांडीवर. स्वयंपाकघराच्या दाराशी तिची खापरी गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. पप्पांनी ती पाहिली. मम्मीनेही पाहिली, आणि उद्याच्या पाहुण्यांचा विचार करून भिंतीला टेकली. पप्पा विपुलला म्हणाले उचल. विपुलने पप्पांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि म्हणाला शेठ, मी चहा घेतो.

पप्पा स्वतः पुढे झाले. तेव्हा आत्या बोलली, आवाज न चढवता.

"पाय तुझ्या चाकाखाली गेला, दयाराम. मी कदी एक शब्द बोलले न्हाय. पाय घेतलास, आता जागा पन घेतोस?"

पप्पांचा हात तिथेच राहिला. आजोबा दारात येऊन उभे होते. त्यांनी पप्पांना फक्त एवढंच सांगितलं की मांजराची चूक न्हवती, मीठ मी टाकला, मना सोडून ये थळला.

पप्पांनी हात मागे घेतला. विपुलचा चहा संपला. मम्मीने दुसरा दिला. आत्याने केसरला मांडीवरून खाली सोडलं आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. केसर घमेल्यापाशी गेली. वास घेतला. कडेवर पाय ठेवला, मग आत. आम्ही सगळे त्या पायाकडे बघत होतो. तिने तो उचलला नाही. दुसरा ठेवला. रेती उकरली, खर्र खर्र, आणि इतका वेळ उकरली की विपुल हातातला कप खाली ठेवायचा विसरला. मग ती बसली, लांब कुठेतरी बघत, जसं मांजर बघतं. झाल्यावर तिने नीट झाकलं, एकदा वास घेऊन खात्री केली, पुन्हा थोडं झाकलं, आणि लंगडत जाऊन पप्पांच्या पायाशी अंग घासलं. मला वाटतं ते तिने मुद्दाम केलं नसावं. आत्याला वाटतं केलं.

पप्पांनी विपुलला जा म्हणून खूण केली. मग घसा साफ केला आणि तडजोड मांडली. ठीक आहे, मांजर राहू दे. पण फक्त उद्याचा दिवस घमेलं मागे. पाहुणे गेले की परत आण, मी स्वतः आणून देतो. आत्या म्हणाली पंधरा दिवस. पप्पा म्हणाले बरं, निदान पाहुणे बसतील तेवढे दोन तास. आत्या म्हणाली पंधरा दिवस. मम्मीने पुढे होऊन सुचवलं की त्यात एखादं प्लॅस्टिकचं फुलझाड खोचलं तर कुंडी वाटेल. आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की मम्मीने पुढचं वाक्य गिळलं. एवढं होईपर्यंत खापरी दाराशीच होती. पप्पा वर गेल्यावर आत्याने ती सोडवली आणि चुलीवर चढवली.

रविवारी अकराला उरणची माणसं आली. नेत्रा, तिचे आईवडील आणि एक मामा. चपला बाहेर काढून बोटांवर चालत आत आली, सोफ्यावर बसली. हितेशदादा घाम पुसत होता. पप्पांनी लाद्यांची माहिती दिली. मामांची नजर फिरत फिरत घमेल्यावर आली आणि थांबली. बांधकाम चालू आहे वाटतं अजून, असं त्यांनी विचारलं. पप्पा म्हणाले हो, म्हणजे नाही, म्हणजे थोडं. आत्या भाकऱ्यांचं ताट घेऊन आतून येत होती.

"बांधकाम न्हाय," ती म्हणाली. "आमच्या केसरची जागा हाय ती. ती तिथं जाते."

मामांनी पाय थोडे आत घेतले. नेत्राच्या आईने नाकाने हळूच हवा ओढून पाहिली आणि वास तर काहीच नाही असं म्हणाली, जराशी नवल वाटून. आणि हे सगळं आपल्याबद्दल चाललंय हे जणू कळल्यासारखी केसर आत्याच्या मागून आली. पाहुण्यांच्या पायांमधून लंगडत वाट काढली, घमेल्यात चढली आणि उकरायला लागली. पप्पा छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मम्मीने पदर तोंडाला लावला. मामांनी भाकरी घ्यायला ताट पुढे केलं होतं, पण आत्याने वाढली नाही. तिने भाकऱ्यांचं ताट हातात तसंच धरून ठेवलं आणि केसरचं होईपर्यंत, झाकून होईपर्यंत, घमेल्यातून उतरून ती आपल्या वाटेने जाईपर्यंत सगळ्यांना थांबवलं. मग मामांच्या ताटात पहिली भाकरी टाकली. ती ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली.